कांद्याचा आल्झासी टार्ट: तळ खुसखुशीत कसा ठेवायचा

फ्रान्सच्या पूर्व सीमेवरच्या आल्झासमधला हा टार्ट, म्हणजे मैद्याच्या कवचात सारण भरून भाजलेला उघडा पदार्थ, सहा जणांच्या जेवणात मुख्य पदार्थ म्हणून पुरतो. सोबत व्हिनेगर-तेल लावलेली सॅलडची पानं पुरेत. तो बिघडतो बहुतेक वेळा पाण्यामुळे.

200 ग्रॅम मैदा, पाव चमचा मीठ आणि 100 ग्रॅम गार, बिनमिठाचं बटर बोटांच्या टोकांनी चोळून रव्यासारखं करा. बटर खारं असेल तर मीठ वगळा. बर्फाचं पाणी तीन-चार मोठे चमचे, तेही लागेल तसंच. कणकेसारखं तिंबू नका, जेमतेम गोळा झाला की थांबा. जास्त मळलेल्या पिठाच्या कडा भाजताना आकसून खाली घसरतात. तासभर फ्रिजमध्ये ठेवा. 3 मिमी जाड लाटून सुट्या तळाच्या 23 सेंमी साच्यात बसवा, काट्यानं टोचा, पुन्हा अर्धा तास गार करा. उन्हाळ्यात पोळपाटसुद्धा आधी फ्रिजमध्ये ठेवलेला बरा.

आता रिकामं कवच भाजायचं. ही पायरी कधीही गाळू नका. वर बेकिंग पेपर, त्यावर वजन म्हणून काठोकाठ कोरडा राजमा. ओव्हनमध्ये 190 अंश सेल्सिअसवर 15 मिनिटं, मग राजमा काढून आणखी 10. तळ कोरडा, फिकट सोनेरी दिसायला हवा. गरम असतानाच फेटलेलं अंडं ब्रशनं लावून दोन मिनिटं परत आत ठेवा, म्हणजे टोचलेली भोकं बुजतात.

600 ग्रॅम कांदा पातळ उभा चिरून 40 ग्रॅम बटरमध्ये मंद आचेवर 40 मिनिटं शिजवा. पहिली 15 मिनिटं झाकण ठेवून. रंग तपकिरी नको, फिकट सोनेरी हवा. उलथनं ओढल्यावर मागे ओघळ दिसला तर कांद्यात अजून पाणी आहे. पूर्ण गार करा. आल्झासमध्ये यात बरेचदा बेकनचे तुकडेही पडतात.

3 अंडी, 200 मिली क्रीम, 100 मिली दूध, अर्धा चमचा मीठ, मिरपूड आणि किसलेलं जायफळ फेस न आणता ढवळा. कवचात कांदा पसरून हे ओता आणि 170 अंशांवर 30 ते 35 मिनिटं भाजा. मधला भाग किंचित हलत असतानाच काढा. फुगून आला म्हणजे आच जास्त झाली. अंडं आवळतं, पाणी सोडतं आणि तळ पुन्हा ओला होतो. कापण्याआधी 20 मिनिटं थांबा.

कवच आणि कांदा आदल्या दिवशी करून ठेवता येतात. जेवण नऊला असेल तर मिश्रण आठला ओता, त्याआधी नाही. उरलेला तुकडा ओव्हनमध्येच 150 अंशांवर 10 मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये कवच मऊ पडतं.