ग्रोट-रोवेत्स्कीबद्दल वाचायचंय? मग अशी सुरुवात करा

स्टेफान रोवेत्स्की, टोपणनाव ‘ग्रोट’, पोलंडच्या होम आर्मीचा (दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमधली भूमिगत सेना) पहिला कमांडर. वाचायला बसलात की बालपण वगैरे नंतर बघा (जन्म १८९५, एवढं पुरे) आणि थेट ३० जून १९४३ गाठा. त्या दिवशी वॉर्सात स्पिस्का स्ट्रीटवरच्या घरावर गेस्टापोची (नाझी गुप्त पोलिसांची) धाड पडली आणि हा सापडला, कारण आतलेच लोक फितूर झालेले. काल्कश्टाइन, श्विएरचेव्स्की, काचोरोव्स्का ही तीन नावं वहीत लिहून ठेवा, पुढे सारखी भेटतात.

त्याखाली लगेच ४ जुलै लिहा, जिब्राल्टरला विमान पडून पोलंडच्या लंडनमधल्या निर्वासित सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की गेले. म्हणजे आठवडाभरात देशातला सेनापती पकडला गेला आणि लंडनमधल्या सरकारचा प्रमुख मेला, हे शेजारी शेजारी ठेवलं की पुढचा सगळा गोंधळ कळायला लागतो.

नंतरचा कमांडर बुर-कोमोरोव्स्की, दोघांना मिक्स करू नका, १९४४ चा जर्मनांविरुद्धचा वॉर्सा उठाव बुरच्या काळातला. तो पेटल्यावर ऑगस्टमध्ये नाझी एसएसचा प्रमुख हिमलरच्या हुकमाने कैदेतल्या रोवेत्स्कीला जर्मनीतल्या साक्सेनहाउझेन छळछावणीत मारलं. नेमकी तारीख वेगवेगळी दिसेल, त्यावर डोकं खपवू नका.