बंद मठात जायचं मनात आहे? जाण्याआधी घरी उरकायच्या गोष्टी

आमच्या यवतमाळ भागात ‘सिस्टर’ म्हटलं की लोकांना मिशनचा दवाखाना आठवतो, नाहीतर मुलींचं होस्टेल. स्कूटीवर गावोगाव फिरणाऱ्या, लेकरांना डोस पाजणाऱ्या, बचत गटाच्या बैठकीत येऊन बसणाऱ्या सिस्टर आपण लहानपणापासून पाहतो. त्यामुळे एखादी मुलगी म्हणाली की मला अशा मठात जायचंय जिथल्या सिस्टर बाहेरच येत नाहीत, तर घरचे आधी हेच विचारतात: मग त्या दिवसभर करतात तरी काय?

मी राळेगावकडची. गावात कॅथलिक घरं मोजकी. फादर येतील त्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, एरवी आजीच्या मागे बसून जपमाळ. जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून नोकरीला लागले आणि पुढे कार्मेल या कॅथलिक संघाच्या, महाराष्ट्राबाहेरच्या एका बंद मठात आधी अ‍ॅस्पिरंट, मग पोस्च्युलंट, म्हणजे आधी इच्छुक, मग उमेदवार, म्हणून राहिले. नॉव्हिशिएट, म्हणजे व्रतं घेण्याआधीचं प्रशिक्षण, सुरू होण्याआधी मदर (मठाच्या प्रमुख), नॉव्हिस मिस्ट्रेस (नव्या मुलींना घडवणाऱ्या सिस्टर) आणि मी, तिघींनी मिळून ठरवलं की माझं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, दुसरीकडे आहे. आज मी परत नर्स आहे. तरी त्या मठावर माझा जीव आहे, आणि ज्या मुलींना खरंच तिथे बोलावणं आहे त्यांनी नीट तयारीने जावं असं फार वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या प्रश्नाचं उत्तर. त्या प्रार्थना करतात, आणि ते पूर्ण वेळेचं काम आहे. अविलाच्या संत तेरेजांनी १५६२ मध्ये कार्मेलचा सुधारलेला पहिला मठ उघडला. रोज दोन तास मौन प्रार्थना, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, हा तिथला शिरस्ता आजही चालतो. त्याशिवाय दिवसभरात ठरलेल्या वेळी स्तोत्रप्रार्थना आणि मिस्सा. उरलेल्या वेळात हाताचं काम: मिस्सेत प्रसाद म्हणून देतात त्या पातळ चकत्या, म्हणजे ऑस्ती, भाजणं, फादरांचे झगे शिवणं, बाग, स्वयंपाक, म्हाताऱ्या सिस्टरांची सेवा. दिवसातून दोनदा सगळ्या एकत्र बसून गप्पा मारतात, हसतात. मांसाहार नाही. १४ सप्टेंबरच्या क्रूसाच्या सणापासून ईस्टरपर्यंत उपवासाचा काळ. दवाखाना, मतदान अशा खऱ्या गरजेला परवानगीने बाहेर पडता येतं, एरवी नाही.

आमच्या शेजारच्या काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हंजे पवनारच्या आश्रमातल्या बायायसारखंच का वो?” विनोबांनी १९५९ मध्ये धाम नदीकाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथे ब्रह्मचर्य पाळणाऱ्या बाया एकत्र राहतात, शेतात राबतात, प्रार्थना करतात. आमच्या भागातल्या माणसाला समजायला याहून जवळचं उदाहरण नाही. माझ्या मायलाही खरं कळलं ते काकूंच्या या एका वाक्याने. फरक दोनच सांगितले: कार्मेलच्या बाया कुंपणाबाहेर येत नाहीत, आणि भेटायला गेलं तर मधे जाळी असते.

“एवढी शिकली आणि कोणाच्या कामी नाही आली,” हेही ऐकावं लागेल. लिझ्यूच्या संत तेरेजा १८८८ मध्ये पंधराव्या वर्षी कार्मेलमध्ये गेल्या आणि १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने वारल्या. मधल्या काळात मठाबाहेर पाऊल नाही. तरीही १९२७ मध्ये चर्चने त्यांना मिशनरी संत फ्रान्सिस झेविअर यांच्या जोडीने मिशन कार्याच्या आश्रयदात्या ठरवलं. एकाने समुद्र ओलांडले, दुसरीने अंगणही ओलांडलं नाही, आणि चर्च दोघांना एका रांगेत बसवतं. मी याच्यावर मनापासून विश्वास ठेवते. आमच्या दवाखान्यात रात्री एखादं बाळंतपण अडतं तेव्हा कुठेतरी कोणीतरी जागं राहून आमच्यासाठी प्रार्थना करतंय, हे मला माहीत असतं.

आता मुख्य गोष्ट. मठाच्या दारात तुम्ही मोकळ्या आहात का, हे पाहतात. चर्चच्या कायद्यात ते स्पष्ट आहे: बळजबरीने किंवा भीतीपोटी कोणी नॉव्हिशिएटमध्ये शिरली तर तो प्रवेशच ग्राह्य नाही. आणि आपल्याकडे भीती कशाची असते ते आपल्याला ठाऊक आहे. दिवाळी झाली की स्थळं यायला लागतात. एकदा कापसाचे पैसे हातात आले की बापाला वाटतं, यंदा उरकून टाकू. मुलीला तो मुलगा नको असतो, किंवा कोणताच नको असतो, आणि अशा वेळी मठ हा सुटकेचा रस्ता वाटू शकतो. नॉव्हिस मिस्ट्रेसने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, “चांगला मुलगा आला असता, घरच्यांना पसंत, तुलाही पसंत, तरी आली असतीस?” मला उत्तर द्यायला बरेच दिवस लागले. तुम्ही हा प्रश्न घरीच स्वतःला विचारा. लग्न वाईट म्हणून मठ, हे गणित चालत नाही. जिला संसार चांगला वाटतो आणि तरीही मन दुसरीकडे ओढ घेतं, तिने पुढे जावं.

उलटी बळजबरीही असते, विशेषतः ज्या घरात एखादी मावशी किंवा आत्या सिस्टर आहे तिथे. आजीने नवस बोललेला असतो. त्या नवसाचं ओझं तुमच्यावर नाही. माझे बाबा एवढंच म्हणाले होते, “जायचं तं जाय, पण कोनाच्या भेवानं नोको जाऊ.” शेतकऱ्याने चर्चचा कायदा वाचलेला नव्हता, पण कायदा जे म्हणतो तेच बाबा बोलले.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे कर्ज. फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असलेल्या उमेदवाराला नॉव्हिशिएटमध्ये घेऊ नये, असाही नियम आहे. आपल्या भागात ही बाब छोटी नाही. नर्सिंगसाठी काढलेलं शैक्षणिक कर्ज असतं. बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जाला मायसोबत तुमचं नाव असतं. कधी भावाच्या ट्रॅक्टरला तुम्ही जामीन असता. गटाच्या कर्जात एकीने हप्ता चुकवला की तो बाकीच्या बायांवर पडतो. त्यांना अडकवून तुम्ही मठात जाऊन बसणं बरं नव्हे. मी शैक्षणिक कर्ज फिटेपर्यंत नोकरी केली. तेव्हा तो काळ खूप लांब वाटला, पण पगारातून महिन्याच्या महिन्याला हप्ता भरताना देवाला दिलेला शब्दही रोज नव्याने द्यावा लागला. त्या काळात ज्यांचं मन बदलतं, त्यांचं बदलू द्यावं.

तिसरी गोष्ट जमीन. तुम्ही मठात चाललात कळलं की कोणीतरी हक्कसोडपत्राचा कागद घेऊन येईल: “तुले आता सातबाऱ्याचं काय करायचं?” घाईने सही करू नका. ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखा असतो. चर्चच्या नियमानुसार पहिल्या, तात्पुरत्या व्रतांआधी तुम्ही मालमत्तेचा फक्त कारभार कोणाकडे तरी सोपवायचा असतो. मालकी कायमची सोडणं हे शेवटच्या, कायमच्या व्रतांच्या वेळचं काम, आणि तिथपर्यंत पोचायला वर्षं लागतात. मधेच परत यावं लागलं तर हातात काहीतरी असू द्या. भावावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. शांतपणे सांगा की मदर सांगतील तेव्हा सही करेन.

हे झालं बाहेरचं. आतली तयारी गावातच सुरू होते, आणि रोज मिस्सा मिळत नाही म्हणून ती अडत नाही. मी पहाटे पाणी भरायच्या आधी अर्धा तास शांत बसायचे, रात्री एक स्तोत्र म्हणायचे. मोबाईल दुसऱ्या खोलीत. वेचणीच्या दिवसांत कंबर मोडलेली असताना हे जमतं का, ते पाहा. दर वेळी जमणार नाही. महिन्याभरात मन परत परत तिकडे वळतं का, ते महत्त्वाचं. वहीत दोन ओळी लिहीत जा. एक नियमित धर्मगुरू किंवा सिस्टर धरा, ज्यांच्याशी सगळं खरं बोलता येईल. आमच्याकडे अंतरं मोठी आणि एसटी बेभरवशाची, म्हणून फोनवर बोललात तरी चालेल, पण माणूस सारखा बदलू नका. आणि लोयोलाचे संत इग्नेशियस सांगतात ते पाळा: मन कोरडं, उदास झालेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. उदासी जाऊ द्या, मग विचार करा.

अभ्यासाची चिंता करणाऱ्या मुलींसाठी एक गोष्ट. भारतात मंगळूरचा कार्मेल १८७० मध्ये सुरू झाला तेव्हा फ्रान्सहून आलेल्या पहिल्या बायांमध्ये गॅलिलीची मरियम बावार्दी होती. लिहिणं-वाचणं तिला जेमतेम येई. पहिली व्रतं तिने १८७१ मध्ये मंगळुरातच घेतली. पुढे वरिष्ठांना तिच्याबद्दल शंका आल्या, तिला फ्रान्सला परत पाठवलं, आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिला संत घोषित केलं. भाषेची अडचण मात्र खरी आहे. मठात बहुधा इंग्रजी चालते, आणि आपली वऱ्हाडी ऐकायला दुसरं कोणी नसतं. स्तोत्रं आधीपासून इंग्रजीत वाचायची सवय केलीत तर पहिले महिने सोपे जातील.

कागदपत्रं लवकर काढा: स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) आणि दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) दाखले, अविवाहित असल्याचं पॅरिशचं, म्हणजे आपल्या चर्चचं, पत्र, वैद्यकीय तपासणी. आपली जुनी नोंद बरेचदा मूळ मिशनच्या रजिस्टरमध्ये असते आणि तिथलं नाव आधारवरच्या नावाशी जुळत नाही. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली भागातल्या चांदा धर्मप्रांतातल्या मुलींनी आणखी एक पाहावं: तुमचा धर्मप्रांत सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या जुन्या परंपरेच्या विधीचा आहे, आणि लॅटिन विधीच्या (जगभरातल्या बहुतेक कॅथलिकांच्या) मठात जायचं तर परवानगीचा प्रश्न येतो. तो फादरांना सुरुवातीलाच विचारा.

मठात पहिल्यांदा भेटायला गेलात की एका खोलीत बसवतात. भिंतीत जाळी, पलीकडे मदर. बाजूला लाकडाचं फिरतं कपाट, पिंपासारखं गोल, एका बाजूने उघडं. वस्तू ठेवायची, फिरवायचं, ती आत जाते. मायने कुरड्यांची पिशवी त्यात ठेवली, आणि कपाट फिरून रिकामं परत आलं तेव्हा तिला रडू कोसळलं. तोपर्यंत ती खंबीर होती. मदरने तिला जितका वेळ हवा तितका दिला, मग म्हणाल्या, “तुमचे प्रश्न तुम्हीच विचारा, मुलगी बाहेर थांबेल.” मायने विचारलं, “माह्या मयतीले तरी येऊ देतीन का तिले?” हा प्रश्न प्रत्येक घरात असतो, म्हणून आधीच विचारा. प्रत्येक मठाची रीत वेगळी असते. वर्षातून किती भेटी, पत्रं किती, फोन चालतो का, आईबाप आजारी पडले तर काय, हे सगळं त्याच बैठकीत विचारून घ्या. चांगल्या मदरला याचा राग येत नाही.

आत गेल्यावर मौनाचा त्रास होईल असं मला वाटलं होतं. मौन गोड लागलं. जड गेलं ते तीच तीच मोजकी माणसं रोज. एक सिस्टर चपला घासत चालायच्या आणि नेमक्या मौन प्रार्थनेच्या वेळी माझ्या मागून जायच्या. गावात भांडण झालं की आपण शेतात निघून जातो. तिथे तोच वऱ्हांडा, तोच पाट. प्रेम करणं म्हणजे काय ते मी त्या चपलांच्या आवाजात शिकले, आणि त्या सिस्टर आजही माझ्या प्रार्थनेत आहेत.

परत येण्याचं कारणही सांगते. संध्याकाळच्या प्रार्थनेत माझं मन वॉर्डातल्या एकेका खाटेपाशी जाऊन थांबायचं. मिस्ट्रेसने त्याला लगेच कारण मानलं नाही. कितीतरी नर्स उत्तम कार्मेलाईट झाल्या आहेत, म्हणाल्या. आम्ही अनेक महिने पाहिलं. शेवटी हे दिसलं की परत जाण्याच्या विचाराने मला शांतता मिळते आणि ती टिकते. त्यांनी मला आशीर्वाद देऊन पाठवलं. गावात लोकांनी पंधरा दिवस चर्चा केली, मग सोयाबीन सोंगायला आलं आणि विषय संपला. ज्या मुली परत येतात त्यांच्या घरच्यांना विनंती: तिला लगेच स्थळं दाखवू नका.

टप्पे अगदी थोडक्यात. व्हॅटिकनच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे बंद मठात किमान एक वर्ष अ‍ॅस्पिरंट, किमान एक वर्ष पोस्च्युलंट, दोन वर्षं नॉव्हिशिएट, मग किमान पाच वर्षं तात्पुरती व्रतं. म्हणजे कायमची व्रतं घ्यायला निदान नऊ वर्षं. नॉव्हिस कधीही निघू शकते, आणि तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की कोणीही मोकळेपणाने जाऊ शकते. चर्चच्या कायद्याने नॉव्हिशिएटला सतरा वर्षं पूर्ण लागतात, पण बारावी झाल्या झाल्या धावू नका. शिक्षण पुरं करा, थोडं कमवा.

पहिलं पत्र हाताने लिहा, एका पानाचं. फादरांकडून इंग्रजी तपासून घेतलंत तरी मजकूर तुमचाच असू द्या. वय, शिक्षण, घरी कोण कोण, कोणता आजार किंवा औषध चालू आहे का, प्रार्थना कशी करता, ही ओढ कधीपासून आणि घरच्यांना सांगितलंय का, एवढं पुरे. आणि कर्ज असेल तर त्याच पत्रात लिहा, किती हप्ते उरलेत त्यासकट.