काकडीला फुलं भरपूर, फळ मात्र धरत नाही: या चुका टाळा

काकडीच्या वेलाखाली सकाळी पिवळ्या फुलांचा सडा दिसला की हात आपोआप खताच्या डब्याकडे जातो. थांबा. आधी गळालेलं एक फूल उचलून त्याची मागची बाजू बघा. तिथे नुसता बारीक देठ असेल तर ते नर फूल आहे आणि काम संपवून ते गळणारच. देठाच्या जागी लव आणि बारीक काटे असलेली इवलीशी काकडी असेल तर ते मादी फूल. ते गळत असेल तरच काळजीचं कारण आहे.

नर फुलं बघून घाबरणं

साध्या वाणांत आधी नर फुलंच येतात. मादी फूल त्यानंतर साधारण दहा-बारा दिवसांनी दिसतं. नर फुलं पानाच्या बगलेत तीन-चार-पाचाच्या झुपक्याने येतात, मादी बहुतेक वेळा एकटी. म्हणजे वीस फुलांमागे एक-दोनच फळं दिसली तर वेलात बिघाड नाही. "फुकटची फुलं" म्हणून नर फुलं खुडून टाकणं ही मात्र चूक आहे. मादी फूल उमलेल त्या सकाळी जवळपास ताजं नर फूल असावं लागतं. म्हणूनच एका वेलापेक्षा तीन-चार वेल बरे. एकाच वेलावरचा पराग त्याच वेलाच्या मादी फुलाला चालतो, पण दोन्ही एकाच दिवशी उमलायला हवीत ना!

मादी फुलंच येत नाहीत, म्हणून आणखी खत

पानं तळहाताहून मोठी, गडद हिरवीगार, वेल रोज वीतभर वाढतोय आणि मादी फूल औषधालाही नाही, असं असेल तर नत्र जास्त झालंय. युरिया, पेंडीचं पाणी, ताजं शेणखत सगळं बंद करा. त्याऐवजी पोटॅशचं प्रमाण जास्त असलेलं खत पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने द्या आणि दोन-तीन आठवडे वाट बघा. कडक ऊन, लांब दिवस आणि उकाड्याच्या रात्री यांतही नर फुलांचं प्रमाण वाढतं. त्याला खताचा इलाज नाही. हवा उतरली की मादी फुलं येतात. दिवसाला सहा तासांपेक्षा कमी ऊन मिळत असेल तर मात्र कुंडीची जागाच बदला.

साध्या वाणात मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात, म्हणून मुख्य खोडाला सहा-सात पानं झाल्यावर शेंडा खुडतात. इथवर ठीक. हल्ली 'थ्री जी कटिंग'च्या नावाखाली फांदीची फांदी आणि तिचीही फांदी खुडायची टूम आहे. कुंडीतल्या वेलाला हे झेपत नाही. तिसऱ्या पिढीची फांदी येईपर्यंत काकडीचं छोटं आयुष्य निम्मं सरलेलं असतं. एकदा खुडणं पुरे.

दुपारी ब्रश घेऊन बसणं

काकडीचं फूल एका दिवसाचं पाहुणं. पहाटे-सकाळी उमलतं, उन्हं चढली की मलूल होतं. पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. वेल हलवून किंवा पंखा लावून टोमॅटोला फायदा होईल, काकडीला नाही. मधमाशी तरी हवी, नाहीतर तुमचा हात.

हाताने करायचं तर वेळ सकाळी सहा ते नऊ-दहा. नुकतं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सोलून काढा. आत परागकोशांचा छोटा पिवळा गठ्ठा दिसेल. त्यावर बोट हलकेच टेकवा. बोटाला पिवळी भुकटी लागली तर फूल कामाचं, नाही लागली तर दुसरं घ्या. मादी फुलाच्या मध्यभागी तीन भागांत विभागलेली, जराशी ओलसर कुक्षी असते. नर फूल तिन्ही भागांवर हलक्या हाताने फिरवा, दाबू नका. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं उरकतात. नर फुलं कमी असतील तर मऊ, कोरडा ब्रश वापरा. ओल्या ब्रशला लागलेला पराग वाया जातो.

तिन्ही भागांवर जोर का, ते वाकडी काकडी उभी चिरून बघितलं की कळतं. जितक्या बीजांडांपर्यंत पराग पोचतो, तितक्या बिया भरतात आणि भरणाऱ्या बियाच भोवतीचा गर वाढवतात. एका बाजूला बिया भरल्या आणि दुसऱ्या बाजूला पोकळ राहिल्या की फळ पोकळ बाजूकडे वळतं. फुलाकडचं टोक निमुळतं, सुरकुतल्यासारखं राहिलं तर बहुधा तिथे बिया धरलेल्याच नसतात. मधमाश्यांच्या भरवशावर फळ सरळ यायचं तर एका फुलावर दहा-बारा फेऱ्या तरी व्हाव्या लागतात. प्रत्येक वाकड्या फळाचा दोष परागावर टाकू नका, इतकंच. पाण्याची ओढ बसली, किंवा वाढतं फळ जाळीत अडकलं, तरीही ते वाकतं.

मधमाशीची वाट आपणच अडवणं

किडींपासून वाचवायला बारीक जाळीने वेल झाकलेला असतो आणि पहिलं मादी फूल आल्यावरही ती जाळी काढायची आठवण होत नाही. फार नेहमीची चूक! जाळी ठेवायचीच असेल तर निदान सकाळी चार तास उघडा, नाहीतर सगळी फुलं हाताने करा. दुसरी चूक सकाळच्या फवारणीची. कीटकनाशक असो की नीमतेल, फवारा फुलं मिटल्यावर, संध्याकाळी. तिसरी चूक झारीने वरून पाणी घालण्याची. भिजलेला पराग निकामी होतो, तेव्हा पाणी थेट बुंध्याशी द्या. संततधार पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत. त्या दिवसांत आडोशाखालच्या कोरड्या फुलांवर ब्रश चालवावा लागतो.

तापमान 35 अंशांच्या वर गेलं की परागाची ताकद घटते. मग हात कितीही सफाईदार असला तरी बरीच फुलं जातात. दुपारपुरती शेडनेट आणि अगदी सकाळी केलेलं परागीभवन, एवढंच हातात असतं.

बियांचं पाकीट न वाचणं

'गायनोशियस' लिहिलेल्या वाणाला जवळजवळ फक्त मादी फुलं येतात. पराग पुरवायला कंपन्या अशा पाकिटात साधारण दहा-पंधरा टक्के बिया नर फुलं देणाऱ्या वाणाच्या मिसळतात आणि त्या अनेकदा वेगळ्या रंगाच्या असतात. घरी चारच बिया लावताना रंगीत बी पाकिटातच राहिलं की पुढे परागाचा दुष्काळ. एक साधा वेल शेजारी लावला तरी काम होतं. या वाणात मादी फुलं मुख्य खोडावरच येतात, त्यामुळे त्याचा शेंडा सुरुवातीला खुडू नका.

'पार्थेनोकार्पिक' वाणाचं उलट आहे. त्याला परागाशिवाय फळ धरतं आणि ते बिनबियांचं असतं. त्यावर हौसेने ब्रश फिरवला तर बिया भरतात आणि फळ टोकाला फुगून बेढब होतं.

प्रत्येक पिवळी पडलेली बारकी काकडी 'परागाअभावी' समजणं

इथे निदान चुकलं की पुढचे सगळे उपाय चुकतात. पराग मिळाला नाही तर बारकी काकडी वाढतच नाही. फूल सुकल्यावर टोकाकडून पिवळी पडते, आक्रसते आणि चार-पाच दिवसांत गळते. पराग मिळाला असेल तर दोन-तीन दिवसांत ती जाड झालेली नजरेला दिसते, मान खाली घालते.

चांगली बोटभर वाढून मग पिवळी, मऊ पडली तर फळमाशीचा संशय घ्या. सालीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका आणि तिथे डिंकाचा थेंब दिसतो. चिरली तर आत पांढऱ्या अळ्या वळवळतात. इथे ब्रश काय करणार? अशी फळं वेलाखाली किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस उन्हात ठेवा. परागीभवनानंतर दोन-तीन दिवसांनी फळाला कागदी किंवा बारीक जाळीची पिशवी बांधणं हा सर्वात खात्रीचा उपाय. क्यू ल्यूरचा (नर फळमाशीला ओढून घेणाऱ्या गंधाचा) सापळा फक्त नर माश्या पकडतो, डंख मारणारी मादी मोकळीच राहते. एकट्या सापळ्यावर विसंबू नका.

तिसरी शक्यता वेलाच्या कुवतीची. डंख नाही, पराग नीट लागलेला, तरी नवी फळं थांबली, तर वेलावर आधीची किती फळं लटकतायत ते मोजा. वेल आधी धरलेल्या फळांना पोसतो आणि नवी सोडून देतो. एखादी काकडी पानाआड लपून जून, पिवळी झाली तर तिच्या भरणाऱ्या बिया वेलाची ताकद ओढून घेतात आणि नवीन फळधारणा मंदावते. भरात असताना एक दिवसाआड काढणी हवीच, तीही पानं उचलून बघून. ओढून तोडू नका, कात्रीने देठ ठेवून कापा. एका वेलाला पंधरा-वीस लिटरची कुंडी लागते. त्याहून लहान कुंडीत माती दुपारीच सुकते आणि धरलेली फळंही गळतात.

कडू काकडीचं खापर शेजारच्या वेलावर फोडणं

कारल्याच्या किंवा दुधीच्या परागामुळे काकडी कडू होते, हा समज काही केल्या जात नाही. या वेलांचा काकडीशी संकर होतच नाही. कडवटपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यांचा असतो. ती किती तयार होतात हे वाणावर ठरतं आणि पाण्याची ओढ, उष्णता यांनी ती वाढतात. बुंध्याशी दोन-तीन इंच वाळल्या पानांचं आच्छादन घाला आणि पाण्याची वेळ चुकवू नका. काकडीच्याच दोन वाणांत संकर होतो, पण त्याचा परिणाम यंदाच्या फळात नाही, त्याच्या बियांतून पुढे येणाऱ्या वेलात दिसतो. बी राखायचं असेल तर मादी कळी उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी तिला पिशवी घाला. त्याच वाणाच्या, उद्या उमलणाऱ्या एखाद्या नर कळीलाही तशीच झाका. सकाळी हाताने पराग लावून मादी फुलाची पिशवी पुन्हा बांधा आणि त्या फळाच्या देठाला दोरा गुंडाळून ठेवा, म्हणजे काढणीच्या घाईत ते कापलं जाणार नाही.