पुराच्या पाण्यात बोट घालण्याआधी

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा सखल भागांत पाणी 40 च्या आतच शिरतं, त्यामुळे अग्निशमन दलाने इशाऱ्याची वाट बघत बसू नये. कोयनेतून विसर्ग वाढल्याचं कळलं की बोटीत हवा भरा आणि इंजिन पाण्याच्या पिंपात बुडवून चालवून बघा. वर्षभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलने कार्बोरेटर चोंदतो, मग इंजिन बंद पडतं ते नेमकं धारेत.

काठावर हुकूम एकाचाच, आणि त्याने बोटीत चढायचं नाही. वरच्या अंगाला एक जण नुसता नजर ठेवायला: ओंडका, सिलिंडर, मेलेलं जनावर वाहत येताना दिसलं की शिट्टी. खालच्या अंगाला थ्रो बॅग, म्हणजे दोर भरलेली फेकायची पिशवी, घेतलेले दोघे, प्रत्येकाकडे 15 ते 20 मीटर तरंगता दोर. दोर कमरेला बांधू नका. धारेत तो ताणला की माणूस पाण्याखाली ओढला जातो आणि गाठ सुटत नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पट्टीचे पोहणारे इथेच फसतात.

महावितरणने त्या भागातली वीज तोडल्याची खात्री होईपर्यंत बोट गल्लीत घालू नये. पाणी चढलं की तारा डोक्याला लागतील इतक्या जवळ येतात. उसाच्या फडातून शॉर्टकट तर नकोच, पाला आणि कुंपणाची तार इंजिनाच्या पंख्यात गुंतते. वल्ही आणि तार कापायचा पक्कड बोटीत हवाच.

वाहत्या माणसाकडे खालच्या बाजूने, बोटीचं तोंड धारेकडे ठेवून जावं. हाताच्या अंतरावर आलं की इंजिन न्यूट्रल. वरून गेलात तर धार बोट त्याच्या अंगावर नेते. त्याला एका बाजूने ओढताना बाकीच्यांनी दुसऱ्या बाजूला वजन द्यायचं. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खाली मात्र बोट नेऊच नका. तिथलं पाणी उलटं फिरून बंधाऱ्याकडे खेचतं, बोटीलाही सोडत नाही. काठावरून दोरच टाका.

सगळ्यात अवघड काम गर्दी थोपवण्याचं. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. क्षमता मोजताना चालक आणि जवानही धरावेत, आणि जेवढी लाइफ जॅकेट तेवढीच माणसं. जॅकेट काठावरच, पट्टे आवळून घालायचं. लहान मुलांना जांघेतला पट्टा लागतोच, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर आणि मूल खाली. "दादा, एवढी पेटी राहू दे," असं कुणी म्हटलं तरी पेटी घरीच. पहिल्या फेरीत आजारी, गरोदर, म्हातारी माणसं. मुलासोबत घरचं एक मोठं माणूस. दुसरी फेरी नक्की येणार आहे हे जवानाने खणखणीत आवाजात सांगावं. ते पटलं नाही की लोक उड्या मारतात.

प्रत्येक फेरीला नाव, घर आणि कुठे उतरवलं, एवढं वहीत लिहा. नाहीतर निवारा केंद्रात सुखरूप बसलेल्या माणसासाठी बोट पुन्हा पाण्यात जाते.