पुडिंग सेटचं वय ठरवताना या चुका टाळा

नागपुरात महालातला वाडा असो की धरमपेठेतला बंगला, घर विकायला निघालं की माळ्यावरून एक खोका हमखास उतरतो. त्यात एक मोठा काचेचा बाऊल, सोबत सहा लहान वाट्या, बाहेरून गुलाब नाहीतर द्राक्षांचे घोस आणि काठाला सोनेरी रेघ. आहेरात आलेला पुडिंग सेट. रुखवतात मांडला गेला, दोन-चारदा त्यात फ्रूट सॅलड वाढलं गेलं आणि मग 'फुटेल' म्हणून वर गेला. आता तो किती जुना हे ठरवायचं असतं आणि गडबड तिथूनच सुरू होते.

लग्नाचं साल वाटीला चिकटवू नका

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. "आईच्या लग्नातला आहे, म्हणजे १९६४चा." मग वाटी उलटी केली की पांढऱ्या काचेच्या बुडाला 'ला ओपाला' असा शिक्का. ही कंपनी सुरूच झाली १९८७ साली. आई खोटं बोलत नसते. खोका १९६४चा असतो, त्यातली मूळची काच फुटत गेलेली असते आणि रिकाम्या जागी पुढची भांडी येऊन बसलेली असतात. कधी सहापैकी चार वाट्या जुन्या निघतात आणि दोन नंतरच्या.

ही भेसळ ओळखणं सोपं आहे. खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर सगळ्या वाट्या पालथ्या घाला आणि नक्षीकडे न बघता फक्त काठाची कड बघा. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे कडेला हिरवट किंवा निळसर झाक येते आणि ती प्रत्येक घाण्याची थोडी वेगळी असते. सहापैकी दोघींची झाक निराळी दिसली, तर पट्टीने व्यास मोजा आणि बुडाची गोल कड बोटाने चाचपा. दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा साचा वेगळा असल्याचं सांगून जातो.

हिशेब नेहमी उलट्या बाजूने करायचा. वाटीवरची जी मूळ खूण सगळ्यात अलीकडची, तिच्याहून वाटी जुनी असू शकत नाही. बाकीच्या दहा खुणा कितीही जुनाट दिसोत.

बुडावरचा आकडा म्हणजे साल नव्हे

७, १२, ३४ असे सुटे आकडे बहुतेक वेळा साच्याचे क्रमांक असतात. कारखान्यात एका नक्षीचे अनेक साचे चालतात, कुठल्या साच्यातून खराब माल येतोय हे कळावं म्हणून ते कोरलेले असतात. 'आरडी' अक्षरं आणि पुढे लांबलचक आकडा असेल तर ती ब्रिटिश डिझाइन-नोंदणी. ही पद्धत १८८४ पासूनची, त्याआधी १८४२ ते १८८३ पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची खूण असे. पण ते साल आकृती नोंदवल्याचं. तोच साचा पुढे वर्षानुवर्षं चालू शकतो.

देशाचं नाव जास्त कामाचं. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ ते १९९२ या पट्ट्याबाहेर जाऊ नका. 'वेस्ट जर्मनी' म्हणजे १९४९ ते १९९०. 'ऑक्युपाइड जपान' दिसलं तर नशीब जोरावर आहे, कारण तो शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोजक्या वर्षांतला, १९५२ पर्यंतचा. 'आर्कोपाल, फ्रान्स' असलेली पांढरी वाटी १९५८च्या आधीची असूच शकत नाही.

खोका फेकू नका

वाटी पुसून शोकेसमध्ये जाते आणि खोका रद्दीत. नागपुरात ही चूक जास्तच महागात पडते, कारण या शहराचं राज्य इतक्यांदा बदललं आहे की दुकानाचा पत्ताच तारीख सांगतो. लेबलवर 'नागपूर, सी. पी.' (म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत) किंवा 'सी. पी. अँड बेरार' असेल तर छपाई १९५० आधीची समजायला हरकत नाही. 'नागपूर, एम. पी.' वाचून चक्रावू नका. १९५० मध्ये मध्य प्रदेश हे नाव आलं आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर त्याची राजधानी होती. मग साडेतीन वर्षं मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. ४४० ने सुरू होणारा सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. किंमत रुपये-आण्यांत लिहिलेली असेल तर बहुधा एप्रिल १९५७ आधीची, 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४.

अर्थात इतवारीतला दुकानदार छापून पडलेली जुनी लेबलं काही लगेच जाळत नाही, संपेपर्यंत वापरतो. म्हणून दोन-चार वर्षांची ढील ठेवा. आणि वाट्यांभोवती गुंडाळलेलं वर्तमानपत्र म्हणजे शेवटचं कधी बांधलं त्याची तारीख, एवढंच.

बुडबुडे, वजन आणि जांभळी बॅटरी

काचेत बुडबुडा दिसला की "हाताने फुंकलेली, जुनी" असं ठोकून दिलं जातं. फिरोजाबादेत आजही बुडबुड्यांची काच बनते. वजनाचंही तेच, जड म्हणजे जुनं असं काही नसतं.

साच्याच्या जोडरेघेचा नियम तर बाटल्यांकडून उसना आणलेला. बाटलीची रेघ तोंडापर्यंत गेली आहे की नाही यावरून थोडाफार अंदाज बांधता येतो. वाटी बहुतेक दाबून बनवलेली असते, तिचा काठ साच्यातच तयार होतो आणि मग आचेवर गुळगुळीत केला की रेघ विरघळून जाते. रेघ नाही म्हणून फुंकलेली, असं होत नाही.

ऑनलाइन मिळणारी यूव्ही (अतिनील) बॅटरी मारून काच हिरवी चमकली की लोक उड्या मारतात. तेजस्वी पोपटी चमक युरेनियमची असते हे खरं, पण तशी काच १८३०च्या दशकापासून बनते आणि आजही बनते. मंद हिरवट उजेड मँगनीजचाही असतो. बॅटरी काचेत काय आहे ते सांगेल, कधी बनली ते नाही.

नक्षी भिंगाखाली बघा

"हँडपेंटेड आहे, मॅडम, अंग्रेजों के जमाने का." भंगारवाला हे म्हणणारच. खिशात दहापट भिंग असेल तर वाद घालावा लागत नाही. पाकळीवर भिंग धरलं आणि रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसला, तर ते डिकल, म्हणजे छापून चिकटवून भाजलेलं चित्र. ठिपके नाहीत, रंग सपाट, कडा कापल्यासारख्या आणि सहाही वाट्यांवर पान तंतोतंत एकाच जागी वळलेलं, तर स्क्रीन प्रिंट. हाताच्या कामात कुंचल्याचा फटका सुरुवातीला जाड आणि शेवटी विरळ दिसतो आणि दोन वाट्यांवरची दोन पानं कधी जुळी नसतात.

पुढचा प्रश्न, रंग भाजलेला आहे की नुसता लावलेला. भाजलेला रंग काचेशी एकजीव होतो, झिजताना आधी चकाकी जाते आणि मग तो फिकटतो. नुसत्या लावलेल्या रंगाचे पापुद्रे निघतात. हे तपासायला नेलपॉलिश रिमूव्हर लावायचा नाही, कच्चा रंग असेल तर पुरावाच कापसावर येईल. नखाने हलकेच चाचपलं तरी पुरे. कारखाने कोरा माल विकतात आणि नक्षी दुसरीकडेही होऊ शकते, तेव्हा बुडावरचं नाव काचेचं, नक्षीचं नव्हे, हेही डोक्यात असू द्या.

तेलाच्या तवंगासारखी सप्तरंगी झळाळी असलेली काच 'अमेरिकन कार्निव्हल' म्हणून खपवली जाते. अमेरिकेत ती १९०७च्या सुमारास आली हे बरोबर. पण फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सने १९३०च्या दशकापासून तशीच झळाळीची भांडी काढली आणि काही नगांवर 'जैन' हे नाव साच्यातूनच उमटलेलं सापडतं. आपल्याकडच्या माळ्यावर आधी ही शक्यता तपासावी, अमेरिकेतलं ओहायो-वेस्ट व्हर्जिनिया नंतर.

झीज बघायची तर बुडाच्या कडेवर. खरी झीज वेड्यावाकड्या, लहानमोठ्या ओरखड्यांची असते. सगळे चरे एकाच दिशेने असतील तर कोणीतरी पॉलिश पेपर फिरवला आहे.

साफ करताना

चिंच, लिंबू, पितांबरी, तारेची घासणी हे सगळं पितळेसाठी ठेवा. सोनेरी रेघ म्हणजे सोन्याचा अतिशय पातळ थर, दोन घासण्यांत जातो. आंबट पदार्थ भाजलेल्या रंगालाही खातात. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, बस.

आतून पांढरा धूसरपणा असेल तर बोअरच्या जड पाण्याचा क्षार आहे की काचच खराब झाली आहे हे आधी बघा. नक्षी नसलेल्या भागात पाणी घातलेल्या व्हिनेगरचा बोळा पाच मिनिटं ठेवा. क्षार असेल तर निघेल. ओलं असताना स्वच्छ दिसून वाळल्यावर पुन्हा धूसर झालं, तर काचेचा पृष्ठभागच खाल्ला गेला आहे, तो घरी दुरुस्त होत नाही. फ्रीजमधून काढलेल्या वाटीत उकळती खीर ओतू नका, जुनी काच तडकते. सोनेरी काठाची वाटी मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको, ठिणग्या उडतात.

राहता राहिलं खाणं. जुन्या रंगांत शिसं आणि कॅडमियम सर्रास असे. नक्षी आतल्या बाजूला असेल किंवा बाहेरून काठाच्या दोन सेंटिमीटरच्या आत येत असेल, तर त्यात श्रीखंड, फ्रूट सॅलड, संत्र्याचं काही वाढू नका, लहान मुलांना तर नाहीच. आत कोरी काच असून नक्षी खाली पोटावर असेल तर वाढायला हरकत नाही, फक्त रात्रभर भरून ठेवू नका.