देवगिरीची सहल: शिदोरी, बूट आणि गाईड

दिवाळीनंतरच्या शनिवारी जालन्याहून ट्रॅव्हलर सकाळी सहाला निघेल. सहा म्हणजे सहा. मागच्या वेळी एका घराच्या कुलपाची किल्ली सापडेना म्हणून पाऊण तास खोळंबलो आणि ऐन बाराच्या उन्हात डोंगर चढत बसलो. छत्रपती संभाजीनगर ओलांडलं की पुढे पंधराएक किलोमीटरवर किल्ला आहे.

आधी पायांचं बघा. जुने, वापरातले बूट घाला. नवे बूट सहलीच्या दिवशी उद्घाटनाला काढू नका. पायऱ्या उंच, काही झिजून गुळगुळीत झालेल्या. ज्या काका-काकूंचे गुडघे कुरकुरतात त्यांनी येऊ नये असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. उलट खरा ऐवज खालीच आहे, आणि तोच आपण दर वेळी टाळतो. गाडीतून उतरलो की सगळी लेकरं ‘चला टोकावर’ म्हणून पळतात. अहो, हा नुसता डोंगर नाही, हे एक शहर होतं. यादवांची राजधानी. पुढे 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि देवगिरीचं दौलताबाद केलं. बाहेरचा अंबरकोट, आतला महाकोट आणि डोंगराला बिलगलेला काळाकोट, ही तीन नावं तेवढी लक्षात ठेवून या. मग कुठल्या तटाच्या आत उभे आहोत ते कळत जातं. हत्ती हौद, चांद मिनार आणि भारतमाता मंदिर हे सगळं चढाच्या आधीच येतं. त्या मंदिराचे खांब नीट बघा. जुन्या देवळांचे खांब, मशिदीचा आराखडा आणि आजची मूर्ती, सगळं एकाच छताखाली. तिथे तास-दीड तास द्यायचाच, मी घड्याळ लावून बसणार आहे.

गाईड आपण करणार आहोत. दर आधी ठरवायचा, तो मी ठरवीन. मध्ये कुणी घासाघीस करू नका. दोन गोष्टी मात्र आत्ताच विचारून घ्यायच्या: मराठीत सांगणार ना, आणि वर बारादरी महालापर्यंत येणार की चिनी महालापाशीच नमस्कार करणार? गोवळकोंडा 1687 मध्ये पडल्यावर औरंगजेबाने तिथल्या सुलतानाला, तानाशहाला, कैदेत ठेवलं तो हाच चिनी महाल. पलीकडच्या बुरुजावरची मेंढा तोफ लेकरांना आवडते, पण तिच्यावर चढून फोटो काढायचा नाही.

खंदक ओलांडला की अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातली काळोखी वाट. टॉर्च घ्या, प्रत्येक घरात एक तरी. मोबाइलचा उजेड पुरत नाही आणि हात अडकतो. टॉर्च पायाखाली धरायची, छताकडे नाही. वर वटवाघळं लटकलेली असतात, वास उग्र येतो, नाकाला रुमाल लागेल. वळणावळणात शत्रूला चकवायचं आणि शेवटी धुराने कोंडायचं, अशी ती रचना गाईड रंगवून सांगतात. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांच्यासाठी बाजूने पायऱ्यांची वाट आहे, लाजू नका.

वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे. ते या गडाचे किल्लेदार, आणि पैठणचे एकनाथ महाराज गुरूच्या शोधात त्यांच्याकडेच आले. आजींना तिथवर जायचंच आहे, त्यांच्यासोबत दोन धडधाकट पोरं राहतील. नावं गाडीत सांगतो.

शिदोरीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या पुरे. दही डब्यातच, सांडायची भीती असेल तर ताकाची बाटली. पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. माकडं टपलेली असतात, मागच्या वेळी वहिनींचे आठ धपाटे एका झेपेत गेले. पाणी माणशी दोन लिटर. टोपी, सुट्टे पैसे, नेहमीच्या गोळ्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वयाचा पुरावा जवळ असू द्या. अत्तर लावून येऊ नका, मधमाश्यांची पोळी असतात.

वेळ उरला तर वेरूळ करू, अशी टूम निघणारच. ती आत्ताच मिटवतो: एका दिवसात दोन्ही म्हणजे दोन्हीची वाट. वेरूळ वेगळ्या दिवशी, आणि मंगळवार सोडून, तेव्हा लेणी बंद असतात.

एक कापडी पिशवी मात्र रिकामी आणा. परतताना रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या दिसल्या तर गाडी थांबेल. डोळे उघडलेली, पण अजून टणक असलेली घ्या. पिकलेली जालन्यापर्यंत पोचत नाहीत.