अमेरिकेत ट्रकचे तास संपत आले की कायदेशीर पार्किंग कसं शोधायचं

अमेरिकेत लांब पल्ल्याचा ट्रक चालवताना माल पोचवण्यापेक्षा रात्री ट्रक लावायला जागा मिळवणं जास्त अवघड जातं. तिथल्या सरकारी सर्व्हेप्रमाणे देशभरात ट्रकसाठी साधारण ३,१३,००० जागा आहेत, त्यातल्या जेमतेम ४०,००० सरकारी, बाकी सगळ्या खासगी ट्रकस्टॉपच्या (ट्रकसाठीचे पंप आणि थांबे), आणि ९८ टक्के ड्रायव्हरनी सांगितलं की सुरक्षित जागा शोधताना त्रास होतो. म्हणून मी नव्या ड्रायव्हरला, आणि घरी बसून त्याची काळजी करणाऱ्यांनाही एकच सांगेन, रात्रीचं पार्किंग सकाळी चावी फिरवायच्या आधी ठरवून टाकायचं.

आधी कायद्याने गाडी चालवायला मिळणाऱ्या तासांचा हिशोब. सलग १० तास आराम झाला की ११ तास गाडी चालवता येते, पण ती ड्युटी सुरू केल्यापासून १४ तासांच्या आत. एकूण ८ तास ड्रायव्हिंग झालं की अर्धा तास ब्रेक घ्यावाच लागतो. लोक फसतात ते १४ तासांत, कारण डॉकवर, म्हणजे गोदामाच्या धक्क्यावर, माल भरायला चार तास लागले किंवा जेवायला थांबलात तरी ते चालूच राहतात, आणि गाडीतलं ईएलडी हे तास नोंदवणारं यंत्र सगळं आपोआप टिपतं.

आता एक रूट धरू. शिकागोजवळच्या जोलिएटमध्ये सकाळी ६ ला ड्युटी सुरू केली, लोडिंगमध्ये १० वाजले, आणि आय-८० या हायवेने पश्चिमेला निघालात. कागदावर ११ तास पूर्ण शिल्लक दिसतात पण १४ तास रात्री ८ ला संपणार, म्हणजे ब्रेक वजा जाता हातात साडेनऊ तास. ताशी ५५ मैल धरले तर नेब्रास्कातलं लिंकन कसंबसं गाठता येईल, ते पण ट्रॅफिक लागला नाही तर. अशा दिवशी मी लिंकनवर भरवसा ठेवणार नाही, ओमाहाच्या आसपासची जागा पहिली धरेन, आणि तिच्याही अलीकडे पश्चिम आयोवातला एखादा ट्रकस्टॉप किंवा रेस्ट एरिया (हायवेलगतचा सरकारी थांबा) दुसरा-तिसरा पर्याय म्हणून लिहून ठेवेन. पर्याय नेहमी अलीकडचे ठेवायचे, कारण पुढचा पर्याय गाठायला तासच उरलेले नसतात.

संध्याकाळी ७ नंतर चांगल्या जागा भराभर जातात. जमत असेल तर दिवस पहाटे लवकर सुरू करा म्हणजे दुपारी ३-४ लाच थांबता येतं. एका नावाजलेल्या अभ्यासात दिसलं होतं की जागा मिळावी म्हणून ड्रायव्हर रोज सरासरी ५६ मिनिटं आधीच थांबतो, म्हणजे तेवढ्या वेळाच्या मैलांचे पैसे त्याच्या खिशातून जातात, आणि हे डिस्पॅचरला, म्हणजे कंपनीत बसून फेऱ्या ठरवणाऱ्याला, समजलंच पाहिजे. दुपारच्या ब्रेकमध्ये ट्रकर पाथसारखं ॲप उघडून जागा बघा. ओहायो, इंडियाना, कॅन्सस अशा मिडवेस्टच्या काही राज्यांत हायवेवरच्या बोर्डावर पुढे किती जागा रिकाम्या आहेत ते दिसतं. मोठ्या ट्रकस्टॉप चेनमध्ये पैसे भरून जागा रिझर्व्हही करता येते, आणि उशीर होणार हे दुपारीच दिसत असेल तर ते पैसे खुशाल घाला.

जिथे माल उतरवायचा तिथे फोन करून रात्री आवारात थांबू देतात का विचारा, बरेच जण हा फोनच करत नाहीत. वॉलमार्टचं मात्र दुकानागणिक वेगळं असतं, मॅनेजरला विचारल्याशिवाय लावू नका, नाहीतर गाडी टो होऊ शकते. रेस्ट एरियात शिरताना बोर्ड वाचा, किती तास थांबता येतं ते राज्याराज्यात बदलतं, १० पेक्षा कमी असेल तर तिथे तुमचा आराम पूर्ण होणार नाही.

हायवेचा शोल्डर (कडेची पट्टी) आणि रॅम्प (हायवेवर चढायचा-उतरायचा रस्ता), इथे झोपायला थांबायचं नाही, दंड होतो आणि अंधारात मागून कोणी येऊन धडकू शकतं. बंद पडलेले पेट्रोल पंपही टाळा. २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग हा ड्रायव्हर साउथ कॅरोलिनात अशाच एका ओसाड पंपावर थांबला होता, डिलिव्हरीला वेळ होता म्हणून, आणि लुटारूने त्याला गोळी घालून मारलं. त्याच्या बायकोने नेटाने पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ट्रक पार्किंगसाठीचा जेसन्स लॉ हा कायदा आला, वरचा सर्व्हे त्याच कायद्यामुळे झाला.

एवढं करूनही वेळ संपत आली तर? स्लीपर, म्हणजे केबिनमागची झोपायची जागा, असेल तर आरामाच्या १० तासांचे दोन भाग करता येतात, एक किमान ७ तास स्लीपरमध्ये आणि दुसरा किमान २ तास, दोन्ही मिळून १० भरले पाहिजेत, आणि नियमाने जुळवले तर हे तास त्या १४ मध्ये धरत नाहीत. म्हणजे डॉकवर दोन तासांपेक्षा जास्त अडकलात आणि कामातून मोकळे असाल तर तो वेळ लॉगमध्ये (ईएलडीवरच्या तासांच्या नोंदीत) स्लीपर किंवा ऑफ ड्युटी टाकून ठेवा, रात्री उपयोगी पडेल. अचानक बर्फ किंवा धुकं आलं तर २ तास वाढवून मिळतात, पण पार्किंग मिळालं नाही हे कारण त्यात बसत नाही.

माल भरताना किंवा उतरवताना तास संपले आणि आवारातून बाहेर काढलं, तर जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत पर्सनल कन्व्हेयन्समध्ये, म्हणजे लॉगमध्ये खासगी प्रवास अशी नोंद लावून, जाता येतं, फक्त कंपनीची परवानगी हवी. वाटेतली चांगली जागा सोडून पुढच्या लोडच्या दिशेने मैल कापायला ते वापरलं तर मात्र उल्लंघन धरतात. झोपेत असताना पोलिसाने दार ठोठावून गाडी हलवायला सांगितली तरी हेच स्टेटस लावा, मग निघा, आणि कोणी, किती वाजता, कुठून हलवलं ते लॉगच्या नोटमध्ये लगेच लिहा, पुढे इन्स्पेक्शनला तीच नोट दाखवता येते.